गावात डेस्कटॉप घेताना पैसा आधी कशावर घालावा? प्रोसेसर की एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा?

वणीकर:
गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, दाखले. जुना डेस्कटॉप बदलतोय, आणि दुकानदारापासून भाच्यापर्यंत सगळ्यांचं एकच: प्रोसेसर मोठा घे. मला हे पटत नाही. आपल्याकडे पैसा आधी एसएमपीएस आणि लाईट गेल्यावर मशीन चालू ठेवणाऱ्या यूपीएसवर घालावा, मग एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), उरेल त्यात प्रोसेसर.

पीकविम्याच्या शेवटच्या दिवसांतली गोष्ट. दारात रांग, एका काकांचा फॉर्म अर्ध्यावर, आणि लाईट नुसती लुकलुकली. मशीन बंद पडलं ते परत उठलंच नाही. मेकॅनिकने एसएमपीएस उघडला. जाळीवर जिनिंगची रुई नमद्यासारखी बसलेली, आत एक कपॅसिटर वरून फुगलेला. कॅबिनेटसोबत फुकट आलेला डबा तो, वर ४५० वॅट छापलेलं आणि हातात घेतला तर बिस्किटपुड्यासारखा हलका. जाता जाता मदरबोर्डही जाळून गेला. काका त्याच उन्हात शेजारच्या गावी गेले फॉर्म भरायला. आय७सारखा मोठा प्रोसेसर असता तरी हेच झालं असतं.

वर्धेकर:
दुःख समजलं, पण हिशेब चुकतोय. एसएमपीएस चार स्क्रू काढले की बदलतो. प्रोसेसर पुढे बदलायचा म्हटलं तर सॉकेटच, म्हणजे बोर्डावरची त्याची बैठकच, बदललेला असतो. जुन्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर डीडीआर४ रॅम, नव्या एएम५ वर डीडीआर५, ही त्यात बसत नाही. म्हणजे बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही नवे. जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज पैसा घालावा. चार कोरचा आय३ घेऊ नका, सहा कोरचा रायझन ५ ५६००जी घ्या. आणि वेगळा यूपीएस कशाला? घरी इन्व्हर्टर असेलच.

वणीकर:
इन्व्हर्टर आहे. त्याच्या मागे एक बटण असतं, एकीकडे यूपीएस, दुसरीकडे नॉर्मल. रब्बीत शेतातल्या मोटारी लागल्या की आमच्याकडे व्होल्टेज १७०च्याही खाली येतं. बटण यूपीएसवर ठेवलं तर इन्व्हर्टर तेवढं व्होल्टेज घेतच नाही, बॅटरीवर जातो, आणि ऐन कामाच्या वेळी बॅटरी संपते. नॉर्मलवर ठेवलं तर लाईट जाताना तो क्षणभर उशिरा पकडतो, तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट. म्हणून मध्ये ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लागतोच. आणि एसएमपीएस चार स्क्रूत बदलतो हे खरं, पण त्याने जाळलेला बोर्ड कोण बदलून देतं?

अकोलेकर:
भाऊ, नवा कायले घेता? कंपन्यायचे जुने डेस्कटॉप निम्म्या पैशात भेटतात. सहाव्या पिढीचा आय५ हाय माह्याकडं, त्यात एसएसडी टाकली अन् पाखरावाणी उडते. आधी चालू करून मी चहा पिऊन येत होतो.

वर्धेकर:
तो वेग एसएसडीचा आहे, दादा. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या घरात. इथे मी वणीकरांच्या बाजूचा. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. दुकानात लोकांचे आधार, बँकेची पासबुकं हाताळायची आणि सुरक्षेचे अपडेट बंद झालेलं मशीन वापरायचं, हे मला मान्य नाही.

अकोलेकर:
मंग आठव्या पिढीचा जुना घ्या ना! तोही स्वस्तच पडते.

वणीकर:
पाहिला होता. त्या बारक्या डब्यांत एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो. गेला तर तालुक्याला काय, जिल्ह्यालाही लवकर मिळत नाही. पुन्हा माझी गाडी तिथेच येऊन अडते. उभा मोठा कॅबिनेटवाला मिळाला तर गोष्ट वेगळी.

चंद्रपूरची ताई:
ऊन कुणीच धरलं नाही हिशेबात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, त्यात दुकानावर टिनाचं छप्पर. जास्त वॅट खाणारा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड अशा खोलीत घालू नये. पुढून जाळीचा, धुळीचा फिल्टर निघून धुता येईल असा कॅबिनेट घ्या. आणि इंटेलचा घेणार असाल तर नंबराच्या शेवटी ‘एफ’ आहे का बघा. त्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. माझ्या भावाला स्वस्त म्हणून तोच दिला होता, घरी लावला तर पडद्यावर काहीच नाही.

वर्धेकर:
ताईंचं बरोबर. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे आणि तो ६५ वॅटचाच आहे. फक्त रॅम १६ ची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन लावा. आतलं ग्राफिक्स त्याच रॅमवर चालतं, दोन पट्ट्यांनी फरक पडतो.

वणीकर:
बरं, ५६००जी धरतो. पण एसएमपीएस ८० प्लस ब्राँझच्या (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) खाली नाही आणि यूपीएस वेगळा, त्यातला रुपया काढणार नाही. कमी पडले तर एसएसडी ५०० ऐवजी २५० जीबीची घेईन. उद्या दुकानात अर्थिंगसाठी खड्डा खणायला माणूस बोलावलाय, मशीन त्यानंतरच आणीन.