बाळंतिणीच्या खोलीत पुस्तक चालतं का? (मे महिना, पत्र्याची खोली)

सेलूची_लेक

नमस्कार. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलीय. दुसरं बाळंतपण, सासरीच होणार. थोरली साडेचार वर्षांची, रोज रात्री गोष्ट वाचल्याशिवाय झोपत नाही. सासूबाई म्हणायल्यात, सव्वा महिना पुस्तक हातात धरायचं नाही, बाळंतिणीचे डोळे अधू होतात. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही आणि पोरीची सवयही मोडायची नाही. डोळ्यांचं खरं किती? रात्री पाजताना उजेड कसा ठेवावा? एवढ्याशा बाळाला वाचून दाखवण्यात काही अर्थ असतो की नुसतं फॅड?

दुसरं म्हणजे खोलीवर पत्रे आहेत, दुपारी भट्टी होते. कूलर लावावा की नाही यावर घरात दोन पार्ट्या पडल्यात. नळाला आठ दिवसांनी पाणी, बाकी सगळं बोअरवर, आणि ते जड आहे.

वॉर्डातली_ताई

वाचनाने डोळे अधू होत नाहीत. पण गरोदरपणात अंगावर पाणी धरतं, तसं ते डोळ्याच्या बाहुलीवरच्या पारदर्शक पडद्यातही धरतं. तो किंचित जाड होतो आणि बारीक अक्षर धूसर दिसू शकतं. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत हे आपोआप जातं. तेवढ्यात घाईने चष्म्याचा नंबर बदलून घेऊ नका, पैसे वाया जातील.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच हवेतून आलेलं नाही. बंद खोलीत शेगडीची धुरी, चिमणीचा मिणमिणता उजेड, अंगात रक्त कमी आणि झोप तुकड्यातुकड्यांची. अशात कुणीही चार ओळी वाचल्या की डोळे चुरचुरणार, डोकं धरणार. धूर, अशक्तपणा आणि जागरण सुटले, ठपका वाचनावर बसला. म्हणून भांडायचंच असेल तर धुरीवरून भांडा. ओव्या-शेपाची असली तरी तो धूरच, आणि बाळाच्या फुफ्फुसांना तो सोसत नाही. मच्छर अगरबत्तीचंही तेच, तिच्याऐवजी छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी घ्या. लोह-फॉलिक अॅसिडची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक असते. ती चहासोबत घेऊ नका, मध्ये तासाभराचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगाला लागत नाही.

एका बाबतीत मात्र डोळ्यांची तक्रार हसण्यावारी न्यायची नाही. पहिल्या सहा आठवड्यांत डोकं सारखं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, वरच्या पोटात दुखतं किंवा तोंड-हात सुजलेत, तर आधी बीपी मोजा. गरोदरपणात बीपी नॉर्मल होतं म्हणून गाफील राहू नका, ते नंतरही वाढतं. ही लक्षणं असतील तर आकडा काहीही येवो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लक्षणं नसतानाही १४०/९० किंवा वर आलं तर तेच. १६०/११० असेल तर त्याच मिनिटाला निघा. सिझर झालं आणि बसलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं, असं असेल तर ते बहुधा पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनमुळे असतं. तेही डॉक्टरांना सांगायचं.

पाटी_पेन्सिल

सासूबाईंसाठी एक मुद्दा: पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून त्याच खोलीत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात ना? लिहिणं चालतं तर वाचण्याने काय घोडं मारलंय! (हे हसत सांगा, तावातावाने नको.)

आता बाळाचं. पोटात असताना शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बाळाला आईचा आवाज ऐकू येतो आणि जन्मल्यावर तो ओळखूही येतो. म्हणून गोष्ट कुठली याला महत्त्व नाही, तुमचा आवाज आणि त्याचा चढ-उतार हेच त्याचं वाचन. त्यामुळे बाळासाठी वेगळं पुस्तक विकत घेऊ नका. थोरलीला वाचता तेच वाचा, त्यात दोघांचं होतं.

पहिले दहा-पंधरा दिवस पाजताना पुस्तक उघडायची घाई करू नका. बाळाने नीट धरलंय का, गिळल्याचा आवाज येतोय का, ते आधी पाहा. स्तनाग्राभोवतीचा काळा भागही बराचसा बाळाच्या तोंडात हवा. तो नुसता टोकाला लोंबकळला तर भेगा पडतात आणि मग पुस्तकच काय, काही सुचत नाही. बाळ दिवसभरात ८ ते १२ वेळा पितं. त्यातली एकच वेळ वाचनाची ठरवा, रात्री साडेआठच्या सुमाराची, आणि ती शक्यतो मोडू नका. पाठीला लोड, डाव्या हातावर बाळ, उजवीकडे थोरली. पुस्तक तिच्या मांडीवर, पानं तिनेच उलटायची. तिला काम मिळतं आणि तुमचा एक हात मोकळा राहतो. पुठ्ठ्याचं जड पुस्तक नको, पेंग आली की ते थेट बाळावर पडतं. १६ पानांचं, पिनांऐवजी दोऱ्याने शिवलेलं पातळ पुस्तक बरं. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट उतरवता येतात, तिथे वाचनाच्या चार पायऱ्या आहेत, तुमच्या लेकीला पहिली-दुसरी पुरे. प्रिंट काढून मधोमध तीन टाके घाला, झालं पुस्तक.

बाळाला २०-३० सेंटिमीटरपर्यंतचंच जरा स्पष्ट दिसतं, म्हणजे मांडीवरून तुमच्या तोंडाएवढं. त्या अंतरावर काळं-पांढरं ठळक काही धरलं तर ते टक लावून पाहतं. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू घ्या, काळ्या मार्करने बोट-दीड बोट जाडीचे पट्टे काढा, दुसऱ्यावर रांगोळीचे मोठे ठिपके, तिसऱ्यावर बुद्धिबळाचा पट. हे थोरलीकडून करून घ्या. एका वेळी एकच कार्ड, मिनिट-दोन मिनिटं. बाळाने तोंड फिरवलं, जांभई दिली, उचकी लागली, की त्याचं पोट भरलं समजा. कार्ड दोरीने पाळण्याला टांगू नका, दोरी गळ्याशी येऊ शकते.

वायरमन_परभणी

उजेड आणि कूलर.

रात्रीसाठी जुना झिरो बल्ब नको. नाव झिरो, पण खातो १५ वॅटच्या आसपास, शिवाय तापतो. अर्ध्या वॅटचा पिवळा एलईडी घ्या आणि पलंगाच्या उशाकडे, खाली जमिनीजवळच्या सॉकेटला लावा. लंगोट बदलण्यापुरतं दिसतं आणि बाळाच्या डोळ्यांवर येत नाही. वाचायला टेबल लॅम्प भिंतीकडे तोंड करून ठेवा, म्हणजे उजेड परतून मऊ पडतो. मोबाईलची बॅटरी दातात धरून वाचायचे प्रयोग करू नका.

कूलर लावा, पण खिडकीत, बाहेरची हवा घेणारा. समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी हवीच. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात दमट होतं, अंग चिकचिकतं, आणि मग लोक म्हणतात कूलरने बाळ आजारी पडलं. झोत भिंतीवर किंवा छताकडे, बाळाच्या अंगावर नाही. नवं गवत बसवलं की पहिले चार-पाच तास बाळाला त्या खोलीत आणू नका, वास आणि कण उडतात. पहाटे गारवा आला की पंप बंद, नुसता पंखा.

पाणी उडून जातं, क्षार टाकीतच उरतात. त्यामुळे जड पाण्यावर नुसती भर घालत गेलात तर गवतावर पांढरे थर चढतात आणि पंप अडकतो. दर तिसऱ्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी करा आणि काथ्याने कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर कडेलाच चिकटलेली असतात, पाणी ओतून जात नाहीत. मोठा कूलर कोरड्या हवेत तासाला सात-आठ लिटर सहज पितो, तेव्हा नळाचं पाणी त्यात घालू नका, ते पिण्याला ठेवा. बॉडी लोखंडी असेल तर तीन पिनांचा प्लग आणि खरी अर्थिंग हवी, आणि पाणी भरताना आधी प्लग काढायचा.

लाईट गेली तर: इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे हिशेबाने १८०० वॅट-तास, हातात येतात बाराशेच्या आसपास. ७५ वॅटचा पंखा आणि ९ वॅटचा बल्ब चौदा तास, १९० वॅटचा कूलर सहाच तास. रात्री कशावर काय चालवायचं ते आधीच ठरवा.

पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा जाड थर अंथरून दोरीने आवळा. चुना मारायचा तर त्यात डिंक किंवा फेव्हिकॉल घाला, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात पापुद्रे उडतात.

अप्पा_नांदेड

बाळाच्या खोलीत कूलर अजिबात नको. सर्दी धरते. कुंची, दोन दुपटी आणि वाटल्यास चमचाभर उकळलेलं गार पाणी पाजावं.

वॉर्डातली_ताई

अप्पा, पाण्याचं ऐकून कुणी पाजेल म्हणून लिहिते. सहा महिने पाणी नाही, मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. वरचं पाणी दिलं की बाळ दूध कमी ओढतं आणि दूधही कमी येतं. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी लंगोट ओले होत असतील तर पाणी पुरतंय. ४२ डिग्रीत कुंची आणि दोन दुपटी घातली तर बाळ तापतं, आणि तो ताप उन्हाचा की जंतूंचा हे घरी कळत नाही. म्हणून काखेत १००.४ किंवा वर भरला तर थांबायचं नाही, दवाखाना. गार की गरम हे हात-पाय चाचपून कळत नाही, मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून पाहायचं.

सेलूची_लेक

सगळ्यांचे आभार. सासूबाईंनी पेटीतली थोरलीची झबली-दुपटी काढून ठेवलीत, डांबरगोळ्यांत होती. धुतली की चालतील ना? आणि त्यांचं एक जुनं सुती लुगडं आहे, त्याचे लंगोट किती होतील?

वॉर्डातली_ताई

डांबरगोळ्यांचा वास आहे तोवर ते कापड बाळाला लावू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्यात या गोळ्यांनी रक्तपेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. दोनदा धुवा, चार-पाच दिवस कडक उन्हात उलटसुलट करा, नाकाशी धरून पाहा. तरी वास राहिला तर पायपुसणं करा.

नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर लांब, सव्वा मीटरला थोडी कमी रुंद. रुंदीचे दोन भाग करून चौकोन कापले तर २८ निघतात, काठ आणि विरलेला भाग सोडून २०-२२ धरा. दिवसाला दहा-बारा लागतात, मेमध्ये तासाभरात वाळतात, तेवढे पुरतील. जड पाण्यात साबणाची वडी फेसाळत नाही, तिचा चिकटा कापडात बसून लंगोट पापडासारखा कडक होतो आणि जांघेत पुरळ उठतं. पावडर वापरा, भिजवताना बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा टाका, आणि तीन पाण्यांतून काढा. तिसरं पाणी कूलरला नका टाकू, झाडांना घाला.