घरगुती डीव्हीडी: टेपचा आवाज ३२ किलोहर्ट्झ, मोबाइलचा एएसी. डिस्कवर नेमका कोणता ऑडिओ द्यायचा?

कॅसेटवाला:
मिनीडीव्ही टेपांवरची मुंज आणि लग्न, मध्येमध्ये मोबाइलच्या क्लिपा, एकूण १०० मिनिटं. पाल (इथली टीव्ही पद्धत, सेकंदाला २५ चित्रं), साधी ४.७ जीबी डिस्क. टेपचा आवाज ३२ किलोहर्ट्झ १२ बिट आहे, मोबाइलचा एएसी (मोबाइलचा दाबलेला ऑडिओ फॉर्मॅट) ४४.१. सगळं एमपी३ करून दिलं तर एका ऑथरिंग सॉफ्टवेअरने (फाइलींपासून डीव्हीडी रचणाऱ्या) फाइल नाकारली, दुसऱ्याने मुकाट घेतली. ती डिस्क संगणकावर बोलते, टीव्हीखालच्या प्लेअरवर मात्र नुसतं चित्र. एक प्रत अमेरिकेलाही जायची आहे.

फीतकापे:
एमपी३ आणि एएसी दोन्ही डीव्हीडी-व्हिडिओत बसत नाहीत. संगणकावरचा प्लेअर वाट्टेल ते वाजवतो, म्हणून तिथली चाचणी धरू नका. चालतं ते एवढंच: पीसीएम (न दाबलेला आवाज), आणि दाबलेल्यांत एसी-३ (म्हणजे डॉल्बी डिजिटल, कमाल ४४८ केबीपीएस), एमपी२ आणि ऐच्छिक म्हणून डीटीएस. पीसीएमला ९६ किलोहर्ट्झची मुभा आहे, बाकी सगळं ४८. ३२ आणि ४४.१ कुठेच नाही.

तुमच्यासाठी एसी-३, स्टिरिओ, २२४ केबीपीएस. हिशोब करा: ४.७ जीबी भागिले ६००० सेकंद म्हणजे साधारण ६.२ एमबीपीएस, थोडी जागा राखून ६ धरा. पीसीएम एकटा १.५ खातो, चित्राला ४.५ उरतात. एसी-३ घेतलात तर ५.७ च्या आसपास. हॉलमधल्या पिवळ्या उजेडातल्या खरखरीत चित्राला हा फरक दिसतो. कॅमेऱ्याच्या माइकच्या आवाजाला पीसीएमचा उपयोग शून्य.

रीळमास्तर:
टेपचं एक सांगायचं राहिलं. मिनीडीव्ही कॅमेऱ्यात १२ बिट आणि १६ बिट अशी निवड असते. १२ म्हणजे ३२ किलोहर्ट्झ, १६ म्हणजे ४८. एकाच टेपवर दोन्ही असतील आणि सगळी टेप एका फाइलीत घेतली, तर सुरुवातीचा दर पुढेही लागू होतो आणि भटजी दीडपट वेगाने मंत्र म्हणतात, किंवा उलट रेंगाळतात. प्रत्येक दृश्याची वेगळी फाइल होईल असं कॅप्चर करा, एकेक ४८ वर आणा, मग जोडा.

मोबाइलच्या क्लिपांचा फ्रेम रेट बहुधा बदलता असतो. आधी त्या सेकंदाला स्थिर २५ फ्रेमवर आणा, नाहीतर ओठ आणि आवाज हळूहळू फाटत जातात आणि दोष उगाच एसी-३वर येतो.

फीतकापे:
बरोबर. शिवाय एका टायटलसेटमधल्या (डिस्कवरच्या व्हिडिओंचा एक गट) सगळ्या टायटल्सचा, म्हणजे व्हिडिओंचा, ऑडिओ एकाच प्रकारचा लागतो: फॉर्मॅट तोच, चॅनेल तेवढेच. मुंज एसी-३ आणि लग्न पीसीएम असं हवं असेल तर वेगळे टायटलसेट करा. फोटोंच्या मुक्या स्लाइडशोलाही त्याच मापाचा निःशब्द एसी-३ ट्रॅक द्या.

एसी-३ बनवणाऱ्या एन्कोडरमधला डायलॉग नॉर्मलायझेशनचा आकडा बघा, त्यावरून प्लेअर आवाज किती कमी करायचा ते ठरवतो. बऱ्याच ठिकाणी तो -२७ असतो आणि डिस्कचा आवाज ४ डेसिबलने कमी येतो. -३१ ठेवलं की प्लेअर आवाज कमी करत नाही. कॉम्प्रेशन प्रोफाइल (मोठा-लहान आवाज आपोआप सारखा करणारी सोय) 'नन', म्हणजे बंद. नाहीतर सनई सुरू झाली की मागचं बोलणं दबतं.

कॅसेटवाला:
जुन्या ऑथरिंग सॉफ्टवेअरमध्ये एसी-३ नाही, एमपी२ आहे. इथल्या प्लेअरपुरतं चालेल?

रीळमास्तर:
पाल डिस्कला एकटा एमपी२ नियमात बसतो, इथे वाजेल. अमेरिकेच्या प्रतीत नको: तिथल्या एनटीएससी पद्धतीच्या डिस्कवर पीसीएम किंवा एसी-३चा निदान एक ट्रॅक असावाच लागतो. त्यापेक्षा एफएफएमपेगने (फॉर्मॅट बदलणारं फुकट सॉफ्टवेअर) एसी-३ फाइल बाहेर बनवा आणि सॉफ्टवेअर ती पुन्हा एन्कोड न करता घेतंय का ते पाहा. घेत नसेल तर सॉफ्टवेअर बदला. डीव्हीडीस्टायलर हे ऑथरिंग सॉफ्टवेअर फुकट आहे.

अमेरिकेच्या प्रतीसाठी चित्र सेकंदाला २९.९७ फ्रेमवर न्यावं लागेल, आवाजाची फाइल तीच चालते. फक्त रूपांतरात लांबी १०० मिनिटंच राहू द्या, वेग बदलू नका. आणि पुन्हा वापरता येणाऱ्या डिस्कवर पहिली प्रत काढून खऱ्या प्लेअरवर ऐका.