माजी विद्यार्थिनींच्या नेतृत्व मंचाचा दोन दिवसांचा मेळावा : जळगाव की अमळनेर, आणि त्यात नेमके काय व्हावे?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात शिकलेल्या आणि आज शाळा, बँक, न्यायालय, दवाखाना, ग्रामपंचायत, बचत गट किंवा स्वतःचा व्यवसाय अशा निरनिराळ्या ठिकाणी जबाबदारीचे काम करणाऱ्या आम्ही काही जणी मिळून माजी विद्यार्थिनींचा एक नेतृत्व मंच उभा करीत आहोत. आतापर्यंतचे सारे बोलणे फोनवर आणि व्हॉट्सॲपच्या गटावर झाले. येत्या हिवाळ्यात एखाद्या शनिवार-रविवारी निवासी मेळावा घ्यावा, असे सर्वांच्या मनात आहे आणि शंभराच्या आसपास जणी येतील, अशी अपेक्षा आहे.

आपल्याकडे मेळावा म्हटला की दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मान्यवरांचे सत्कार, अध्यक्षीय भाषण आणि शेवटी आभार अशी चाकोरी ठरलेली असते, आणि तिच्यात पहिला दिवस कधी संपला ते कळतही नाही. घर, नोकरी आणि लहान मुले मागे ठेवून दोन दिवस लांबून येणाऱ्या बाईला त्यातून काय मिळते, हे मला मनापासून विचारावेसे वाटते. जुन्या मैत्रिणी भेटतील, हे मोलाचे आहेच. परंतु मंचाच्या नावात आपण नेतृत्व हा शब्द घातला आहे, तेव्हा मेळाव्यानंतर प्रत्येकीच्या हातात काही काम असले पाहिजे, असे माझे मत आहे.

निमंत्रण नेमके कोणाला द्यावे, तारीख कोणती धरावी, जळगावलाच घ्यावा की अन्यत्र, आणि सत्रांत काय असावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पांझरेकाठची (धुळे)

मी महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन करून निवृत्त झाले आहे, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्या विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी झाली. त्याआधी खानदेशातल्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या मुलींच्या पदवीपत्रावर पुणे विद्यापीठाचे नाव आहे, आणि पुणे विद्यापीठ स्वतः १९४९ सालचे. म्हणजे ‘विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी’ हा नियम अक्षरशः लावला, तर साठीकडे झुकलेल्या आणि साठी ओलांडलेल्या जवळजवळ सगळ्या जणी मंचाबाहेर राहतील. वसतिगृह नसताना नातेवाइकांकडे राहून शिकलेली, एस.टी.ची वेळ सांभाळण्यासाठी शेवटची तासिका सोडून धावत जाणारी, वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली असताना मागच्या बाकावर न बसणारी अशी ती पिढी आहे. नेतृत्वाविषयी बोलायचे आणि तिला वगळायचे, हे मला पटत नाही. बोदवड तालुक्यातील नाडगावच्या प्रतिभाताई पाटील जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकल्या, १९६२ साली वयाच्या २७ व्या वर्षी विधानसभेवर निवडून गेल्या आणि २००७ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्या शिकत होत्या तेव्हा हे विद्यापीठ अस्तित्वातच नव्हते. खानदेशातील शिकलेल्या स्त्रीच्या नेतृत्वाचा इतिहास मांडताना आपण त्यांचे नाव पहिल्या ओळीत घेऊ, आणि आपलाच नियम मात्र त्यांना सभासद होऊ देणार नाही, अशी स्थिती येऊ नये.

म्हणून निकष पदवीपत्राचा न ठेवता महाविद्यालयाचा ठेवावा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील, आज या विद्यापीठाच्या कक्षेत येणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयात जी शिकली, ती आपली, मग पदवी कोणत्याही विद्यापीठाची असो. याच्याही पुढे जाऊन एक गोष्ट मी आग्रहाने मांडते. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झाले आणि शिक्षण सुटले, अशा मुली माझ्या प्रत्येक तुकडीत होत्या. त्यांतील काहींनी पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण केली, काहींना तेही जमले नाही. त्यांतल्या कितीतरी जणी आज बचत गट चालवतात, ग्रामपंचायतीत निवडून येतात. त्यांना दारातच थांबवणारा मंच मला नको आहे. ज्या स्त्रीचे नाव आपल्या विद्यापीठाने २०१८ साली धारण केले, त्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, हे आपण सभासदत्वाचे नियम लिहिताना तरी विसरू नये.

याद्यांसाठी एक व्यवहार्य मार्ग सुचवते. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा स्वतंत्र मुद्दा असतो, त्यामुळे पुष्कळशा महाविद्यालयांत माजी विद्यार्थी संघ नोंदलेला असतो. प्राचार्यांच्या नावे रीतसर पत्र द्यावे. मात्र कोणाचाही फोन क्रमांक मागू नये. आपले निमंत्रण त्यांनीच त्यांच्या माजी विद्यार्थिनींपर्यंत पोहोचवावे, एवढीच विनंती करावी.

सातपुड्यातून (धडगाव)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तारीख आणि ठिकाण यांविषयी लिहिते, कारण कार्यक्रमपत्रिका कितीही चांगली असली तरी बाई घरातून निघू शकेल की नाही हे याच दोन गोष्टींवर ठरते, आणि जळगावात बसून आखणी करताना हे सहजच नजरेआड होते.

राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे, पण तो शाळा, रुग्णालये आणि पोलीस यांना लागू नाही. आमची शनिवारी सकाळची शाळा असते. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीच सुट्टी असते. तेव्हा शनिवार दुसरा किंवा चौथा धरावा, आणि त्या दिवशीचे पहिले महत्त्वाचे सत्र दुपारी चारच्या आधी ठेवू नये. सकाळी दहाला उद्घाटन ठेवले, तर तिन्ही जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षिका, म्हणजे कदाचित आपल्यातला सर्वांत मोठा गट, रजा टाकल्याशिवाय येऊच शकणार नाही.

महिन्याविषयी म्हणाल, तर जानेवारी योग्य. मार्गशीर्षापर्यंत लग्नसराई चालते आणि घरातील लग्न सोडून मेळाव्याला येणे कोणालाही जमणारे नाही. पौषात लग्ने नसतात. कापसाची वेचणीही तोवर बरीचशी आटोपलेली असते. फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू होतात आणि त्यानंतर उन्हाचा कडाका. डिसेंबरमध्ये दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची यात्रा असते. त्या दिवसांत शहादा-दोंडाईचा रस्त्याने वेळेवर पोहोचण्याची खात्री देता येत नाही, हे जळगावकरांनी ध्यानात घ्यावे, कारण आमची वाट तीच आहे.

ठिकाणासाठी मी अमळनेर सुचवते. जळगाव हे तिन्ही जिल्ह्यांच्या एका टोकाला आहे. धडगावहून आधी घाट उतरून शहादा, तेथून दोंडाईचा आणि पुढे जळगाव, यात आमचा दिवस जातो. अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर आहे. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा आणि नरडाणा येथील भगिनी एका बाजूने आणि धरणगाव, जळगाव, भुसावळ येथील भगिनी दुसऱ्या बाजूने रेल्वेनेच तेथे उतरू शकतात. धुळ्याहून अमळनेरला थेट रेल्वे नाही, पण रस्त्याने ते जळगावच्या निम्म्याहूनही जवळ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरने पार पाडले, तेव्हा शंभर-सव्वाशे जणींची राहण्या-जेवणाची सोय त्या गावाला जड नाही. एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे प्रवासखर्चाची चिंता बरीच कमी झाली आहे. तरीही अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांसाठी एक स्वतंत्र वाहन मंचाने करावे. तो खर्च सर्वांच्या वर्गणीतून व्हावा. तो आमच्यावर उपकार म्हणून नोंदला जाऊ नये.

आणखी दोन गोष्टी. लहान मुले सोबत आणण्याची मोकळीक निमंत्रणातच स्पष्ट लिहावी आणि त्यांना सांभाळण्यासाठी एक खोली व दोन माणसे ठेवावीत. हे लिहिले नाही, तर तान्ह्या मुलाची आई विचारण्याआधीच नकार देते. भाषेविषयीही सांगायचे आहे. गटचर्चेत अहिराणी, भिली, पावरी, लेवा बोली, ज्या भाषेत जिला मोकळेपणाने बोलता येते त्या भाषेत तिने बोलावे आणि टिपण ठेवणारीने ते मराठीत लिहून घ्यावे. आमच्याकडची एक महिला सरपंच ग्रामसभेत तासभर ठामपणे बोलते, पण शहरातील सभागृहात तिने तोंड उघडलेले मी पाहिले नाही.

तापीतीर (भुसावळ)

मी वकिली करते. धडगावच्या ताईंनी अमळनेर सुचवले, त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. सत्रांविषयी माझे म्हणणे असे की, व्यक्तिमत्त्व विकासावरील व्याख्याने आपण सर्वांनी भरपूर ऐकली आहेत. त्याऐवजी जेथे कायद्याने स्त्रीला जागा दिलेली आहे, पण ती जागा रिकामी किंवा नावापुरती राहते, अशा ठिकाणांवर दोन दिवस काम करावे.

पहिले उदाहरण अंतर्गत समितीचे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असते, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्या लागतात, आणि एक सदस्य बाहेरची, या विषयाची जाण असलेली व्यक्ती असावी लागते. ही बाहेरची सदस्य शोधताना तालुक्याच्या ठिकाणी संस्थाचालकांची खरोखरच अडचण होते, आणि मग ओळखीतले कोणाचे तरी नाव लिहून कागद पूर्ण केला जातो. एका कार्यालयातील समितीच्या बाहेरच्या सदस्य बाईंना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हते, हे मी स्वतः पाहिले आहे. आपल्या मंचाने रविवारी सकाळचे पूर्ण सत्र या एका विषयाला द्यावे. तक्रार कशी नोंदवावी, चौकशी ९० दिवसांत कशी पूर्ण करावी, गोपनीयता कशी पाळावी, अहवालात काय लिहावे, हे नमुना प्रकरण घेऊन शिकवावे. त्यानंतर ज्या तयार असतील त्यांची तालुकावार यादी करावी आणि ती महाविद्यालये, सहकारी संस्था व कारखाने यांना द्यावी. हे सत्र घेण्याची जबाबदारी मी स्वीकारते.

दुसरी जागा विद्यापीठातीलच आहे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेवर (विद्यापीठाच्या सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात आणि त्यांतील एक जागा महिलेसाठी राखीव आहे. पण पदवी मिळाली म्हणून मतदारयादीत नाव आपोआप येत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. लग्नानंतर नाव बदललेले, पदवीपत्र माहेरच्या पेटीत राहिलेले, आणि अर्जाची मुदत कधी निघून गेली ते कळलेच नाही, अशी बहुतेक जणींची स्थिती असते. मेळाव्यात एक टेबल केवळ यासाठी ठेवावे. लागणारी कागदपत्रे कोणती, नाव बदलल्याचा पुरावा कोणता, हे प्रत्येकीला तेथे सांगितले जावे. राखीव एका जागेवर समाधान मानण्याचे कारण नाही, उरलेल्या जागांवरही स्त्रिया उभ्या राहू शकतात.

ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणे बंधनकारक आहे. ती प्रत्यक्ष भरते की नोंदवहीतच भरते, याविषयी आपल्यातील सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य भगिनींनी बोलावे, इतरांनी ऐकावे. त्यांना प्रमुख पाहुण्या म्हणून व्यासपीठावर बसवू नये, चर्चेच्या वर्तुळात बसवावे. आणि सत्कार पूर्णपणे वगळावेत.

केळीच्या गावाहून (यावल)

जेवणाची बाजू आमच्या गटाकडे द्यावी. जानेवारीत भरताची वांगी उत्तम मिळतात, तेव्हा शनिवारी रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी, रविवारी दुपारी वरण-बट्टी. स्वयंपाक आचाऱ्यांकडून करवून घ्यावा. मेळाव्याला आलेल्या बायकांनीच पुन्हा चुलीपुढे उभे राहू नये, एवढाच माझा आग्रह आहे. जानेवारीत रात्री थंडी बोचरी असते, म्हणून निवासाच्या ठिकाणी पुरेशी पांघरुणे आहेत की नाहीत हे आधी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहून यावे.

पांझरेकाठची (धुळे)

भुसावळच्या वकीलताईंच्या सत्रांना माझा मनापासून पाठिंबा आहे, परंतु सत्कार पूर्णपणे वगळण्याला नाही. व्यासपीठावरचे, हार-शाल-नारळाचे सत्कार नकोत, हे मान्य. तथापि ज्यांनी सत्तरच्या दशकात गावातून पहिली मुलगी म्हणून महाविद्यालयात पाऊल टाकले आणि नंतर तीस-पस्तीस वर्षे शाळा चालवली, त्यांच्या कामाचा चार लोकांत कधी उल्लेखही झालेला नाही. शनिवारी रात्री जेवणानंतर सर्व जणी गोल करून बसतील, तेव्हा त्यांनी आपले अनुभव सांगावेत आणि तरुणींनी प्रश्न विचारावेत. ते ध्वनिमुद्रित करून ठेवले, तर खानदेशातील स्त्रीशिक्षणाचा एक अस्सल दस्तऐवज आपल्या हाती येईल. नंतर लिहू म्हणून तो थांबवता येणार नाही, ही माणसे आज आहेत.

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. जळगावातील सहकाऱ्यांशी आजच बोलले आणि पुढील गोष्टींवर आमचे एकमत झाले आहे.

मेळावा अमळनेरला, जानेवारीतील दुसऱ्या शनिवारी दुपारी चारपासून रविवारी दुपारी तीनपर्यंत होईल, म्हणजे सर्वांना परतीची गाडी उजेडी मिळेल. निकष महाविद्यालयाचा राहील, आणि शिक्षण अर्धवट सुटलेल्यांनाही निमंत्रण जाईल. शनिवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीतील भगिनींबरोबर चर्चा, रात्री धुळ्याच्या प्राध्यापक ताईंनी सुचवलेली अनुभवांची बैठक, रविवारी सकाळी अंतर्गत समितीचे सत्र आणि दोन्ही दिवस पदवीधर नोंदणीचे टेबल अशी आखणी असेल. उद्घाटनाला कोणालाही पाहुणे म्हणून बोलवायचे नाही. ध्वनिमुद्रणासाठी प्रत्येकीची लेखी संमती आधी घेतली जाईल.

धडगाव-अक्कलकुव्याच्या वाहनाचा खर्च वर्गणीत धरला आहे. हे वाहन मोलगीमार्गे काढावे की शहाद्यामार्गे, याचा निर्णय त्या भागातील भगिनींनीच करावा. अमळनेरमधील निवासाची जागा पाहण्यासाठी यावलच्या ताईंबरोबर मी येत्या रविवारी जात आहे. अमळनेर किंवा पारोळा येथील कोणी सोबत येऊ शकत असेल, तर कृपया शुक्रवारपर्यंत येथेच कळवावे.