मदत हवी आहे: तैवानात दोन महिने, शाकाहारी पोट आणि बुजरा स्वभाव

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायची वेळ आज आली. मी वाईची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जूनअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत तैवानात शिंचूला एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत इंटर्नशिप मिळालीय. व्हिसा मुंबईत झाला (२०२४ पासून त्यांचं केंद्र मुंबईतही आहे, दिल्ली-चेन्नई गाठावं लागलं नाही). तिकीट काढलंय. आता घरात रोज एक नवी शंका निघते, म्हणून हा धागा.

जेवणाचं काय? मी अंडं खाते, बाकी काही नाही. शेजारचे काका म्हणतात, "तिथे भातसुद्धा डुकराच्या चरबीत शिजवतात." आईने हे ऐकलं आणि इंडक्शन, छोटा कुकर, आठ किलो पीठ अशी यादी केली. सामान तेवीस किलोच नेता येतं. काय ठेवू, काय काढू?

प्रोफेसरांसाठी मावशीने भेट आणून ठेवलीय: गणपतीचं भिंतीवरचं घड्याळ. छान आहे, पण बॅगेत फुटेल का?

तिथून काय आणावं, कुठून आणावं, हेही सांगा. घरी पंधरा माणसं आहेत आणि खिसा विद्यार्थ्याचा आहे.

आणि शेवटचं, खरं तर पहिलं. मी चटकन बोलणाऱ्यातली नाही. पुण्यात वसतिगृहात पहिली मैत्रीण व्हायला मला चार महिने लागले. इथे हातात दोनच आहेत आणि चिनीचा एक शब्द येत नाही. कुणी असं एकटं जाऊन राहिलंय का? सुरुवात कशी केलीत?

निवडुंग

बाकीचं नंतर. आधी ते घड्याळ मावशीला परत कर!

चिनीत 'घड्याळ भेट देणे' आणि 'कुणाच्या अंत्यविधीला जाणे' यांचा उच्चार एकच होतो. प्रोफेसर हसून घेतील, पण त्यांच्या सासूबाईंनी पाहिलं तर खैर नाही.

कृष्णाकाठची

बापरे! मग कोल्हापुरी चपला चालतील का? दुसरी कल्पना तीच होती.

निवडुंग

चपला-बूट दिले की माणूस ते घालून आपल्यापासून दूर चालू लागतो म्हणतात. छत्रीही नको, तिच्या उच्चारात 'ताटातूट' येते. आता तिसरी कल्पना विचारायला घाबरू नकोस. चिक्कीचा डबा ने. देताना मात्र दोन्ही हातांनी दे, आणि त्यांनी समोर उघडला नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. तशी रीत आहे.

शिंचूत_सहा_वर्षं

पीएचडी तिथेच करून परतलो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

शेजारच्या काकांना सांग, बौद्ध शाकाहाराची इतकी सोय असलेले देश फार थोडे. 'सू' हा एक शब्द पाठ कर. 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी. त्याचं अक्षर मोबाइलमध्ये साठवून ठेव: वर तीन आडव्या रेघा, त्यांना छेदणारी एक उभी, आणि खाली दोऱ्याची गुंडी असावी तसं काहीसं. बऱ्याच शाकाहारी दुकानांच्या पाटीवर स्वस्तिक असतं, आपल्याच्या उलट दिशेला वळलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला देऊळ वाटलं होतं.

शाकाहारी म्हणून विकायच्या पाकिटावर पाचांपैकी एक प्रकार छापावा लागतो: निव्वळ शाकाहारी, अंड्याचं, दुधाचं, दोन्हींचं, आणि 'पाच उग्र' असलेलं. पाच उग्र म्हणजे कांदा, लसूण आणि त्यांचे भाऊबंद. थोडक्यात, तुझ्या आईचा चातुर्मास तिथला दुकानदार बारा महिने पाळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे त्यांच्या महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, एरवी मांस खाणारेही पुष्कळजण सू खातात. त्या दिवशी लवकर जा, रांग असते.

सू-भोजनालयात ताट घ्यायचं, वीस-तीस पदार्थांतून हवं ते वाढून घ्यायचं आणि शेवटी काट्यावर ठेवायचं. पैसे वजनावर. माझ्या पहिल्या ताटात भोपळा आणि रस्सा भरलेला टोफू होता, मागच्या मुलीच्या ताटात डोंगराएवढी पालेभाजी. तिचे माझ्या निम्मे झाले. एरवी ८० ते १२० तैवानी डॉलरमध्ये पोट भरतं. एक डॉलर म्हणजे आपले साधारण पावणेतीन-तीन रुपये धर. तिथे माशाच्या आकाराचा, कोंबडीच्या तंगडीसारखा दिसणारा सोयाही असेल. दचकू नकोस, खोटा असतो.

सांभाळायचं ते साध्या दुकानात. उकडलेला पाला 'भाजी' म्हणून मागवशील आणि वरून पळीभर डुकराच्या खिम्याचा रस्सा पडेल. नूडल्सचं पाणीही बहुतेक हाडांचं. काका तितपत बरोबर आहेत.

इंडक्शन नेऊ नकोस. तिथे वीज ११० व्होल्टची आणि अमेरिकेसारख्या दोन चपट्या पिनांची. आपली शेगडी शोभेची वस्तू होऊन बसेल, शिवाय वसतिगृहाच्या खोलीत बहुधा स्वयंपाकाला मनाई असते. लॅपटॉप-मोबाइलचे चार्जर चालतात, फक्त पिनेचा जोड घे. तिथे घरोघरी दातोंग कंपनीचा विजेचा कुकर असतो, १९६० पासूनचा. बाहेरच्या भांड्यात वाटीभर पाणी ओतायचं, ते आटलं की बटण टक्कन वर येतं. शिट्ट्या मोजायच्या नाहीत. आमच्या लॅबमध्ये एक होता, त्यात वरण-भात सुरेख व्हायचा.

ताजी फळं आणि मांस बॅगेत अजिबात नको. विमानतळावर हुंगणारी कुत्री असतात आणि दंड जबर. म्हणजे हापूस नाही. पण रडू नकोस, जून-जुलैत तिथला लालबुंद आयवेन आंबा येतो, बर्फाच्या किसावर घालून देतात. (हापूसची सर नाही. हे तिथे बोलायचं नाही.)

मैत्रीचं लिहायला बसतोच, आधी चहा.

फोडणी

चहा होईपर्यंत मी लिहिते. पीठ घरीच ठेव गं, पोळ्या लाटणार कुठे? मेतकूट, कांदा-लसूण मसाला, सीलबंद लोणचं, एवढं पुरे. माझ्या लेकाने नेलेली दोन किलो भाजणी तशीच परत आली, वर त्याने ती 'स्मरणिका' म्हणून मलाच दिली.

चहाटळ

खरेदी. कपड्यांवर 'एफ' लिहिलेलं दिसेल, म्हणजे सगळ्यांना बसणारं. हे सगळे म्हणजे त्यांच्यातले सडपातळ सगळे, तेव्हा अंगाला लावूनच घे. इलेक्ट्रॉनिक्ससाठी तैपेईतलं क्वांगह्वा मार्केट, पण ११० व्होल्टचं लक्षात ठेव.

पंधरा माणसांसाठी अननसाचे केक. बहुतेकांत अंडं असतं, आणि काहींत चरबीही, म्हणून आजीसाठी पाकिटावरचा अंडं नसलेला सू प्रकार शोध. चहा तैपेईच्या दीह्वा गल्लीत मिळतो, जुनी पेठ आहे, सुकामेवा-औषधी-कापड असं सगळं, आपल्या रविवार पेठेत फिरल्यासारखं वाटतं. पण तू शिंचूत आहेस, तर तिथलाच घे. जवळच्या बेइपू गावाच्या बाजूला एक चहा होतो, त्याची पानं तुडतुड्यांनी रस शोषलेली लागतात, त्यानेच मधासारखा वास येतो. स्थानिक नाव 'फोंगफुंग', म्हणजे बढाईखोर चहा. किडक्या पानांना भारी भाव आला असं एका शेतकऱ्याने सांगितलं, गावाला वाटलं फुशारक्या मारतोय, अशी त्याची गोष्ट सांगतात. महाग आहे, पन्नास ग्रॅमवर थांब.

आणि मेट्रोत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. दंड १,५०० तैवानी डॉलरपासून.

शिंचूत_सहा_वर्षं

आलो. हे बघ, तू बुजरी आहेस ना, ती मुलं तुझ्याहून बुजरी असतात. आपलं इंग्रजी वाईट आहे या भीतीने ती तोंड उघडत नाहीत. पहिले दोन आठवडे लॅबमध्ये कुणी बोललं नाही तर तुसडेपणा समजू नकोस.

दुपारी जेवण झालं की दिवे घालवून सगळे टेबलावर डोकं ठेवून झोपतात. पुण्याहून जातेस, एक ते चारची सवय असेलच. तू पण झोप. लॅपटॉपची टकटक करत बसलीस तर दोन महिने पाहुणी राहशील.

मग तीनच्या सुमारास कुणीतरी चहाच्या दुकानाची यादी फिरवतं, दहा-बारा कप एकदम मागवायला. त्यात नाव घाल. साखर किती, बर्फ किती, प्रत्येकाचं वेगळं असतं. चौथ्या दिवशी कुणीतरी न विचारता तुझी 'अर्धी साखर, बर्फ नको' लिहून टाकेल. तिथून पुढे सोपं आहे.

जुनी माणसं भेटली की तैवानीत 'च्या-पा-ब्वे?' विचारतात. अर्थ: जेवलीस का? उत्तर काय द्यायचं हे वाईच्या मुलीला शिकवायला नको.

दुकानातली एकही पावती टाकू नकोस. प्रत्येकीवर सरकारी लॉटरीचा नंबर असतो, विषम महिन्यांच्या २५ तारखेला सोडत. शेवटचे तीन आकडे जुळले तरी २०० डॉलर.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. घड्याळ आत्याच्या घरी गेलं. उद्या निघतेय.

कृष्णाकाठची

ऑगस्टचा मधला आठवडा, शिंचूहून. बरेच दिवस धागा वर आणला नाही, क्षमस्व.

वारा! या गावाला वाऱ्याचं गाव का म्हणतात ते ओढणी सायकलच्या चाकात गेल्यावर कळलं. एकदा वादळाची सुट्टीही मिळाली, आदल्या रात्री सगळे मोबाइलकडे डोळे लावून बसलेले, अगदी आपल्याकडे पावसात कलेक्टरच्या आदेशाची वाट बघतात तसे. घंटागाडी बीथोव्हेन वाजवत येते आणि पिशवी आपणच पळत नेऊन टाकायची.

पोटाचे हाल झाले नाहीत. एकदाच फसले, कांद्याच्या पातीचा पराठा चरबीत भाजलेला निघाला. दोन घास गेले होते. आईला सांगितलेलं नाही, ती इथे येत नाही अशी आशा आहे.

पहिले दहा दिवस मात्र वाईट गेले. रात्री खोलीत मेतकूट-भात खाऊन रडलेय. झोपेचं आणि चहाचं तुम्ही म्हणालात तसं केलं. 'अर्धी साखर' चौथ्या नाही, नवव्या दिवशी आली.

मैत्रीण झाली ती मात्र बेइपूत. लॅबमधली एक मुलगी हाक्का (तिथला एक चिनी समाज, भाषा वेगळी) आहे, तिचं आजोळ तिकडे. एका रविवारी तिने नेलं. तिथे लेइछा, म्हणजे कुटलेला चहा, करतात: आतून खाचा असलेलं मातीचं खोलगट भांडं, पेरूच्या लाकडाचा हातभर दांडा, आणि भांड्यात चहाची पानं, तीळ, शेंगदाणे. ती दांडा दोन्ही हातांनी धरून ठोकत होती, शेंगदाणे बाहेर उडत होते. मी भांडं मांडीत दाबलं आणि दांडा कडेकडेने गोल फिरवला, आजी खलात फिरवते तसा. आधी कूट झालं, मग तेल सुटलं, मग दांड्याला हिरवट गोळा चिकटायला लागला. वास थेट संक्रांतीचा. दुकानातल्या बाई बघत उभ्या राहिल्या, तिला काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मी विचारलं काय म्हणाल्या, तर "तुझ्यापेक्षा ही जास्त हाक्का आहे." त्या दिवसापासून ती मला लॅबमध्ये याच नावाने हाक मारते.

सध्या इथे भुतांचा महिना चालू आहे. दुकानांबाहेर टेबलं मांडून बिस्किटं, फळं, नूडल्सची पाकिटं ठेवतात आणि कागदी पैसे जाळतात. मी म्हटलं, आमच्याकडेही पितर पुढच्या महिन्यात येतात. ती म्हणाली, जेवले हे कसं कळतं? कावळ्याचं सांगितलं. तिने फार गंभीरपणे विचारलं, "आणि कावळा शिवलाच नाही तर?" दर्भाच्या कावळ्यावर अर्धा तास गेला.

फोडणी

भाजणी नेली नाहीस ते बरं केलंस. परत कधी?

कृष्णाकाठची

३० ला. चहा पन्नास ग्रॅमवर थांबला नाही, पण सामान बसलं.

कृष्णाकाठची

२५ सप्टेंबर, वाई. शेवटचं लिहिते.

जुलै-ऑगस्टच्या सगळ्या पावत्या निघताना तिच्याकडे दिल्या होत्या, रबर लावून, दोन बोटं जाड गठ्ठा. आज दुपारी तिने फोटो पाठवला: एक चहाची पावती, शेवटच्या तीन आकड्यांभोवती लाल गोल. २०० डॉलर. खाली लिहिलंय, "तुझे शंभर माझ्याकडे आहेत. येऊन घेऊन जा."