बैठं दुखणं आणि कष्टाचं दुखणं: दोन्ही सारखंच?

खुर्चीकर: आमची नऊ जणांची टीम. सहा जणांची मान धरलेली, दोघांच्या मनगटाला पट्टा. माझा उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री मुंग्या येऊन मला उठवतात. हात झटकला की जरा बरं वाटतं. मनगटातली नस दाबली जातेय, असं डॉक्टर म्हणतात. माझं मत: प्रत्येक काम शरीराकडून वसुली करतंच. फरक फक्त सांध्याचा.

फरशीवाला: फक्त सांध्याचा? वीस वर्षं गुडघ्यांवर बसून फरशी बसवतोय. वाटीवर पाणी भरून लिंबाएवढी गाठ येते, त्या दिवशी काम बंद आणि मजुरीही बंद. तुम्ही दुखऱ्या हाताने हा चर्चेचा धागा तरी काढलात. शिवाय दगड कापतानाची धूळ छातीत बसते ती कायमची. नस मोकळी करायला ऑपरेशन आहे. या धुळीच्या आजाराला, सिलिकोसिसला, काय आहे?

खडूफळा: आमचा घसा कुणी धरतच नाही यात. दिवसाला पाच तास वर्गाच्या वर आवाज काढायचा, स्वरतंतूंवर गाठी येईपर्यंत. सुट्टीत बरा होतो म्हणून तो आजार नाही म्हणे!

जुनं_खोड: फरशीवाल्यांशी सहमत, पण बैठं दुखणं नवं फॅड नाही. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने १७१३ साली कारकुनांबद्दल लिहून ठेवलंय: सतत बैठक, हाताची तीच ती हालचाल, डोक्याला ताण. रोग्याला ‘काम काय करतोस?’ हे विचाराच, असा त्याचा आग्रह होता. आजही किती जण विचारतात?

आकडेमोड: कुठल्या धंद्यात किती जणांचं दुखतं, ही तुलनाच फसवी. हमालाची कंबर गेली की तो काम सोडतो, मोजायला धडधाकट तेवढे उरतात. ऑफिसवाला दुखणं घेऊन तिथेच बसतो, म्हणून मोजला जातो. त्यामुळे कष्टाची कामं कागदावर आहेत त्यापेक्षा निरोगी दिसतात.

खुर्चीकर: हे डोक्यातच आलं नव्हतं. ‘फक्त सांध्याचा’ मागे घेतो. मनगट मात्र दुखतंय हो!

फरशीवाला: दुखत नाही असं कुठे म्हटलं? ग्राइंडर धरून धरून माझ्या जोडीदाराचीही तीच तीन बोटं बधिर झालीत. पट्टा रात्री बांधा, मनगट सरळ राहील असा. झोपेत ते मुडपतं.