ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन: इथेच की मुंबईला?

तापीकाठचा: काल इथे एकाने लिहिलं, 'गाठ काढायला काय लागतं, जळगावात काढा नाहीतर मुंबईत.' डोकंच फिरलं. पश्चिम स्कॉटलंडचा १९९६चा अभ्यास आहे. ब्रेस्टचंच काम करणाऱ्या सर्जनकडच्या बायकांत ५ वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ९ टक्क्यांनी जास्त निघालं. युरोपात तर सर्जनला वर्षाला किमान ५० नव्या केसेस हव्यात असा दंडक आहे. आपल्याकडे हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध आणि मधेच एखादी ब्रेस्ट!

केळीबाग: पेशंट ऐंशीच्या दशकातले, तेही स्कॉटलंडचे! जिथे केसेस जास्त तिथे केमो-रेडिएशनची टीमही असते. मग गुण हाताचा की टीमचा? माझ्या बहिणीचं धुळ्यात जनरल सर्जननेच केलं. ठणठणीत आहे, परवा हळदीत नाचली.

नंदुरबारची सून: नाचू द्या. माझ्या सासूबाईंची गाठ एका डॉक्टरांनी 'साधीच दिसते' म्हणत बायोप्सी न करता काढली. तपासणीला पाठवली ती सलाईनमध्ये, गाठ टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये नाही. ईआर-पीआरचा, म्हणजे कॅन्सर हार्मोनवर वाढतो का त्याचा, रिपोर्ट भरवशाचा येईना, कडेला कॅन्सर उरलाय का तेही कळेना. म्हातारी दुसऱ्यांदा टेबलावर.

केळीबाग: हा निष्काळजीपणा झाला. केसेसच्या आकड्याशी काय संबंध?

तापीकाठचा: जिथे हे रोज चालतं तिथल्या वॉर्डबॉयलाही ठाऊक असतं बाटलीत काय घालायचं. हाच संबंध!

भुसावळकर: मुंबईला जा म्हणायला काय जातंय भो? स्तन वाचवायचा तर पुढे रेडिएशन आलंच, तीन ते पाच आठवडे. परळला खोली कोण देतो? रिझर्व्हेशन कायम वेटिंगला. शेवटी बाईच म्हणते, सगळंच काढून टाका, एकदाचं घरी जाऊ.

नंदुरबारची सून: जंक्शनवाल्यांनी गाड्यांचं रडगाणं गाऊ नये. आमच्या धडगावच्या बाईची अख्खी सकाळ नंदुरबार गाठण्यातच जाते.

भुसावळकर: ताज्या टाक्यांची बाई जनरल डब्यात बसवून आणा एकदा, मग शिकवा.

तापीकाठचा: विषय सर्जनचा चाललाय, रेल्वेचा नाही!

भुसावळकर: तुमच्यासाठी नसेल.

केळीबाग: बरं बाबा, ऑपरेशन जास्त केसेसवाल्याकडे, केमो इथे. झालं समाधान? पण डॉक्टरला तोंडावर विचारणार कोण, वर्षाला किती करता म्हणून? फाईल भिरकावतील.

नंदुरबारची सून: भिरकावू द्या. उचलायची आणि दुसरा डॉक्टर गाठायचा.