दादा, दाब कमी करा, फेरेही कमी करा

दादा, जुन्या निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पंधरा-वीस फेरे मारले आणि वस्तरा आधीपेक्षा खरबरीत झाला, असं तुम्ही लिहिलंय. दगड खोटा नाही, फेरे जास्त झाले. न्हाव्याच्या धोकटीतला हा बोटभर जाडीचा निसणा मोडलेली धार नव्यानं बसवायला नसतोच. उतरू लागलेली धार जागेवर आणायची, एवढंच त्याचं काम. तीन-चार फेरे बस्स.

आमच्या अमळनेरला माझे आजोबा दगडावर दाढीचाच फेस लावायचे. वस्तरा आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, आणि धार पुढे. पाठीच्या जाडीनंच कोन ठरतो, म्हणून पाठ उचलायची नाही. वळवताना पाठीवरून पलटी. मी जोर लावला की हात धरायचे, "दाबू नको भो, त्याच्या वजनानं जाऊ दे." तो घासण्याचा बारीक, एकसारखा आवाज मला अजून ओळखता येतो, मध्येच खर्र झालं की हात थांबतो.

मग चामड्याचा पट्टा. तिथं उलटं, पाठ पुढे. पट्टा ताणून धरा, सैल राहिला की धार गोल होते.

आधी दगडाचा सपाटपणा बघा. पेन्सिलीच्या रेघा मारून काचेवरच्या ओल्या ४०० नंबरच्या पॉलिशपेपरवर घासा; रेघा सगळीकडून पुसल्या की झालं. नंतर बारीक पेपर फिरवाच, नाहीतर दगड खरखरीत राहतो. धारेला खाच पडली असेल तर मात्र १००० नंबरच्या दगडापासून सुरुवात करावी लागेल.